पहिला आठवडा आणि एक पत्ता

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत कोणी भाषणाला उभं करेल या भीतीने मी शेवटच्या बाकावर बसायचे. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, समितीने मला पकडलंच. विषयही त्यांनीच दिला: "तू एक्स्चेंजवर जर्मनीला गेली होतीस, त्याबद्दल बोल. आता आपली मुलं जायला लागलीत." तेव्हा आधीच सांगते, हे भाषण मुलांपेक्षा आईबापांसाठी जास्त आहे.

२००१चा ऑक्टोबर. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. एका सत्रापुरती मी डार्मश्टाटला गेले. वसतिगृहाच्या खोलीची किल्ली शनिवारी संध्याकाळी हातात पडली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तिथली दुकानं शनिवारी चार वाजता बंद व्हायची. रविवारी तर ती आजही बंदच असतात. आपल्या यारी रोडला रात्री अकरालाही अंडी-पाव मिळतो. तिथे सोमवार सकाळची वाट बघायची. बॅगेत आईच्या दशम्या होत्या आणि आपल्याच वर्गातल्या, कोळीवाड्यातल्या एका मैत्रिणीच्या आईने दिलेली जवळ्याची चटणी. त्या थंडीत खिडकी सताड उघडी ठेवून मी ती खाल्ली. मजल्यावर काय वास सुटला असेल, वेसावकरांना सांगायला नको!

पण खरा त्रास भुकेचा नव्हता, शांततेचा होता. रविवारी दिवसभर ना भाजीवाला, ना रिक्षा, ना शेजारचा टीव्ही. बोलायला माणूस नाही. संध्याकाळी दार वाजलं. समोरच्या खोलीतली तुर्की मुलगी अर्धा पाव आणि चहा घेऊन उभी होती. सोमवारी तीच मला नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायला घेऊन गेली. दुसऱ्या आठवड्यात मला ताप आला, तेव्हा डॉक्टरकडेही तीच घेऊन गेली.

घरी मात्र मी प्रत्येक फोनवर "सगळं छान आहे" एवढंच सांगितलं. कॉलिंग कार्डाच्या दहा मिनिटांत रडायला वेळ नसतो. बाबा दर रविवारी ठरलेल्या वेळी फोनजवळ बसायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्याशी असलेला साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. त्या दिवशी बाबा तासभर फोनपाशी बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत, असं आईने नंतर सांगितलं. घरची माणसंही फोनवर "सगळं छान" म्हणतात, ते असं.

आपल्या माणसांत हा प्रवास सगळ्यात आधी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. सोबत नवरा नाही, नातेवाईक नाही. आपण त्यांच्या जिद्दीबद्दल नेहमी बोलतो आणि ते योग्यच आहे. मला मात्र बंदरावर त्यांना घ्यायला आलेल्या बाईही तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. थिओडिसिया कार्पेंटर, राहणार रोझेल, न्यू जर्सी. एका मासिकात या जोडप्याबद्दल वाचून त्यांनी स्वतःहून पत्र लिहिलं होतं आणि पुढे काही वर्षं पत्रव्यवहार चालला. कॉलेज सुरू होईपर्यंतचा उन्हाळा आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या. साडी आणि शाकाहार दोन्ही कायम ठेवून. मग फिलाडेल्फियाला जाऊन ११ मार्च १८८६ला त्या डॉक्टर झाल्या. आजारपणाने त्यांना फार आयुष्य मिळू दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या गेल्या. पण त्या परक्या देशात उतरल्या तेव्हा हातात एक पत्ता होता आणि त्या पत्त्यावर वाट बघणारं माणूस होतं.

आता आईबापांनो, चार कामाच्या गोष्टी. मूल शक्यतो सोमवार ते गुरुवार यांपैकी एखाद्या दिवशी सकाळी पोचेल असं तिकीट काढा. दोन दिवसांचं खाणं हातातल्या बॅगेत द्या. जर्मनीत घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो पहिल्याच दिवशी मागून घ्यायला सांगा. आणि व्हिडिओ कॉलवर "जेवलास का?" याच्या जोडीला "आज कोणाशी बोललास?" हेही विचारा. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हणून सुटता येतं, दुसऱ्याला नाव सांगावं लागतं.

शेवटी एक मागणी. आपल्या वर्गातले कितीतरी जण आज मुंबईबाहेर, देशाबाहेर आहेत. या मेळाव्यात आपण एक यादी करू या: शहर, नाव, फोन. आपल्यापैकी कोणाचं, किंवा आपल्या सर-बाईंचं, मूल-नातवंड त्या शहरात उतरलं की पहिल्या रविवारी त्याला घरी जेवायला बोलवायचं. एवढंच. आणि जे इथेच आहेत, त्यांनीही यादीत नाव घालायचं. सात बंगला, यारी रोड भागात भाड्याच्या खोल्यांत राहणारी बाहेरगावची मुलं कमी नाहीत. त्यांनाही रविवार असतोच.

यादीची वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिलं नाव माझं लिहिलंय, दुसऱ्या ओळीची वाट बघतेय.