आधी जाऊन पाहा

(उपकारस्तुतीच्या रविवारी मंडळीसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्ककृत शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायातली पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट आपल्याला रविवारच्या शाळेपासून पाठ आहे. पण चमत्काराआधी प्रभूने शिष्यांना एक काम सांगितले, ते आपण वाचताना ओलांडून जातो. जवळ किती भाकरी आहेत, हे त्याने त्यांना जाऊन पाहायला लावले. मग लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नास असे बसवले. आधी पाहणी, मग पंगत, मग वाटप.

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर काम करताना हा क्रम मी कितीतरी वर्षे उलटा केला. दर नाताळाला आम्ही तांदूळ, तेल आणि ब्लँकेट घेऊन जायचो. एका वर्षी एका कातकरी पाड्यावर निम्म्या घरांची दारे बंद होती. उरलेल्या पिशव्या हजर असलेल्यांनाच वाटल्या, प्रार्थना केली आणि समाधानाने परतलो. बंद दारांमागची माणसे वीटभट्टीवर गेली होती. दिवाळीनंतर ती बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्यांच्या घरात नागली आणि भात नुकताच आला होता, त्यांनाच आमचा तांदूळ मिळाला.

पुढच्या आषाढात त्याच पाड्यावर गेलो. नाताळात बंद असलेल्या एका घरात दीड वर्षाचा मुलगा आईच्या मांडीवर होता. आई म्हणाली, "ताई, आधी लई रडायचा. आता रडत नाय." त्याच्या दंडाला फीत लावली. घेर भरला 11.2 सेंमी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत 11.5 सेंमीपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण आणि 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. ते मूल शांत नव्हते, रडायची ताकद संपली होती. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेले. देवाच्या कृपेने तो वाचला. पण त्याच्या वाट्याची पिशवी मी स्वतः शेजारी दिली होती, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हापासून आम्ही आधी पाहतो. "घरात तांदूळ आहे का?" असे चारचौघांत विचारले तर लाजेने "हाय ताई" असेच उत्तर येते. म्हणून चुलीजवळ बसून विचारतो: काल काय शिजले? कोण शेवटी जेवले? गेल्या महिन्यात घरात खायला काहीच नाही असे झाले का? कुणी उपाशी झोपले का? अख्खा दिवस आणि रात्र कुणी न खाता काढली का? मग लहान मुलांचे दंड मोजतो. दोन्ही पावलांवर अंगठा 3 सेकंद दाबून पाहतो. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे. अशा मुलाला, किंवा जे मूल खायलाच तयार नाही त्याला, पिशवी देऊन भागत नाही. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे लागते.

पाहणी केली की हेही कळते की दर वेळी आपला तांदूळच लागतो असे नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. पण सुनेचे आणि नातवंडांचे नाव कार्डावर चढलेलेच नसते. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजनेत एक वेळचे गरम जेवण आहे, पण बाई भट्टीवर असली तर ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी तहसील कार्यालयात तिच्याबरोबर जाणारा एक माणूस हेच मोठे दान ठरते. आणि कृपा करून दूधपावडरचे डबे पाठवू नका. अशुद्ध पाण्यात कालवलेले दूध बाळाला जुलाब लावते आणि आईचे अंगावरचे पाजणे तोडते.

पंडिता रमाबाईंनी स्वतः दुष्काळाची झळ सोसली होती. 1896-97च्या दुष्काळात त्या केवळ पैसे पाठवून थांबल्या नाहीत. मध्य प्रांतात स्वतः गेल्या, पाहिले आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. आपली परंपरा ही आहे.

म्हणून आज माझी एक विनंती आहे. नाताळाचे अर्पण नाताळातच संपवू नका. त्यातला अर्धा भाग आषाढ-श्रावणासाठी राखून ठेवा. तेव्हा कणग्या रिकाम्या असतात, मजुरी बंद असते आणि ओढ्यांना पूर येऊन वाटा तुटतात. तेव्हा फोटो चांगले येणार नाहीत, चिखल असेल. पण घरातली माणसे घरात असतील. आणि तुमच्यापैकी दोघांनी-तिघांनी जूनमध्ये माझ्याबरोबर चला. पिशवी न घेता, फक्त फीत घेऊन. आधी पाहू, मग देऊ.

प्रभू आपल्याला पाहणारे डोळे देवो. आमेन.