तानपुरा: भोपळ्याचा, पेटीतला आणि मोबाइलमधला
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही राज्य शासनाच्या कचेरीत फायली पुढे सरकवणारे. शिक्षण म्हणाल तर इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. गाण्यातला आमचा अधिकार श्रोत्याचा. तरीही आज आम्हाला उभे केले, त्याला कारण आहे आपल्या समाजाचे कपाट.

त्या कपाटात मिरजेचे दोन तानपुरे आहेत. एकाची घोडी निसटली आहे, दुसऱ्याच्या दोन तारा नाहीत. गेल्या बैठकीत सूचना आली की हल्ली तानपुरा मोबाइलवर फुकट मिळतो, तेव्हा हे विकून टाकावेत, नाहीतर गणपतीच्या मागे सजावटीला उभे करावेत. सूचना करणारे आमचे मित्रच, आणि सूचना अडाणीपणाची मुळीच नव्हती. मग सगळे आमच्याकडे वळले. ‘तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले. सांगा, मोबाइलमधला तानपुरा खऱ्यासारखा असतो की नाही?’

म्हणून काल आरतीनंतर आपण याच सभागृहात एक प्रयोग केला. पडद्याआड तीन तानपुरे वाजले. एक इलेक्ट्रॉनिक पेटी, एक मोबाइलमधला आणि एक सदस्याच्या घरून आणलेला खराखुरा. तिन्ही एकाच स्पीकरमधून ऐकवले. खरा कोणता, असे विचारल्यावर सर्वांत जास्त हात वर झाले ते मोबाइलसाठी! ज्यांना आपण जाणकार म्हणतो, त्यांतलेही काही हात त्यात होते. सूचना करणाऱ्या मित्राने आमच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतले. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण रात्री आम्हाला झोप आली नाही, आणि जे सुचले ते आज सांगतो.

आधी हे पाहू की नक्कल कशाची करायची आहे. तानपुऱ्याला तारा चार. पंचम, मधले दोन षड्ज म्हणजे जोड, आणि शेवटी खर्ज. गाणाऱ्याचा सूर काळी एक धरला तर जोड सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते, खर्ज त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६९ वेळा. एवढेच असते तर आमच्या पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने दोन दिवसांत तानपुरा बनवला असता. गंमत आहे ती घोडीत. इतर बऱ्याच वाद्यांत तार एका धारेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत, उठत-बसत राहते. तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की जवारी खुलते. तो दोरा म्हणजे तानपुऱ्याचा जीव, आणि त्याला म्हणतातही जीव.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षे होती. तार एका विशिष्ट बिंदूवर छेडली की काही उपस्वर उमटायलाच नकोत, असा युरोपातला मान्य नियम होता. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांनी दाखवले. जे स्वर गैरहजर असायला हवेत तेही हजर! ही त्या घोडीची करामत. तार छेडल्यावर आवाज फक्त विरत जात नाही, तो विरता विरता रंग बदलतो, आणि त्यातून वरचे स्वर एकेक करून दिसू लागतात. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा असतो. बाजाच्या पेटीवरचा गंधार त्याच्यापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. आपले ज्येष्ठ पेटीच्या नावाने नाक मुरडतात ते उगाच नव्हे.

आता नकलेकडे. बंगळूरचे बासरीवादक आणि अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. सुरुवातीच्या अशा पेट्यांत सर्किट स्वतः सूर निर्माण करी आणि बटण फिरवून तो लावावा लागे. पुढे चिप स्वस्त झाल्या, तेव्हा खऱ्या तानपुऱ्याचा ध्वनी मुद्रित करून साठवण्याची पद्धत आली. मोबाइलमध्ये बहुतेक हेच असते. एकेक तार वेगळी मुद्रित केलेली, आणि ती ठरलेल्या क्रमाने वाजवायची. दुसरी पद्धत अवघड आहे. तार, घोडी, भोपळा यांचे गणित मांडायचे आणि दर क्षणी संगणकाने ते सोडवायचे. पहिली पद्धत म्हणजे माणसाचा फोटो. दुसरी म्हणजे माणूस कसा चालतो हे समजून घेऊन बाहुलीला चालायला लावणे.

परदेशात हाच वाद सिंथेसायझरवरून चालतो. रॉबर्ट मूग यांचा मिनीमूग १९७० साली आला. त्याचा दाट आवाज ज्या फिल्टरमधून निघतो, त्यात ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. आज तो आवाज सॉफ्टवेअरमध्ये मिळतो, पण तो तिथे आणताना अभियंत्यांचा घाम निघाला. सर्किटमध्ये शेवटचा आवाज त्याच क्षणी पहिल्या पायरीकडे परत जातो. संगणक मात्र सेकंदाचे ४४,१०० तुकडे करून एकामागून एक हिशेब करतो, त्यामुळे परत जाणारा आवाज एक तुकडा उशिरा पोचतो, आणि तेवढ्यानेही फिल्टरचा स्वभाव बिघडतो. त्यावर गणिती उपाय सापडले. मग लक्षात आले की जुनी यंत्रे तापली की त्यांचा सूर हलतो, आणि ऐकणाऱ्याला तेच आवडते. झाले! आता सॉफ्टवेअरमध्ये तो दोष मुद्दाम घालतात.

याहून मजेदार गोष्ट जपानच्या रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राची. बेस गिटारची नक्कल करायला ते काढले. नक्कल इतकी फसली की १९८४ साली उत्पादन बंद झाले. पण मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंह यांनी १९८२ मध्येच ते वापरून दहा रागांची एक तबकडी काढली होती. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी त्याच यंत्रातून नवे नृत्यसंगीत काढले, आणि नव्वदीच्या दशकात त्या फसलेल्या नकलेचीही नक्कल करणारे सॉफ्टवेअर निघाले. म्हणजे ‘खरे’ कोणते, हे काळही ठरवत असतो. म्हणून मोबाइलच्या तानपुऱ्याला नुसते ‘नकली’ म्हणून हिणवणे आम्हाला पटत नाही.

तर मग तो खऱ्यासारखा आहे का? आमच्या मते तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली, एका झंकाराची. इथे मोबाइल जवळजवळ पास आहे. मात्र ऐकायला चांगला स्पीकर हवा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ६९ कंपनांचा खर्ज काढताच येत नाही. वरचे स्वर ऐकून आपला मेंदूच खर्ज भरून काढतो. म्हणजे अर्धा तानपुरा आपणच वाजवत असतो!

दुसरी परीक्षा, वेळेची. खऱ्या वाद्यात चारही तारा एकाच घोडीवर आणि एकाच तबलीवर असतात, एक छेडली की बाकीच्या शहारतात. बोटाचा दाब दर वेळी वेगळा. अर्ध्या तासात एकही आवर्तन दुसऱ्यासारखे नसते. वेगवेगळ्या मुद्रित केलेल्या तारांत हे आपसातले बोलणे नसते. चांगल्या अॅपमध्ये थोडा फरक मुद्दाम घालतात. इथे मोबाइलला काठावर पास म्हणू.

तिसरी परीक्षा सांगण्याआधी घरची गोष्ट सांगतो. आमची आई भजने म्हणायची. तानपुरा बाबा लावून देत. बाबा गेल्यावर तिच्या संधिवाताच्या बोटांना खुंट्या फिरेनात. आम्ही मोठ्या हौसेने इलेक्ट्रॉनिक पेटी आणून दिली. ती रोज पहाटे लागायची, आणि आईचे गाणे त्या पेटीमुळेच शेवटपर्यंत टिकले. हे आम्ही कधी विसरणार नाही. पण एकदा ती म्हणाली, ‘अरे, हा कधी उतरतच नाही. मग मी ऐकू काय?’ तेव्हा आम्हाला वाटले, म्हातारपणी माणूस कुरकुरतो. काल रात्री त्याचा अर्थ लागला.

कालच्या प्रयोगात खरा तानपुरा का हरला? कारण तो आम्ही लावला होता! जोडीतली एक तार किंचित उतरलेली, जीव भलत्याच जागी. मोबाइलचा तानपुरा कोणा कुशल माणसाने लावून मुद्रित केलेला होता. काल स्पर्धा लाकडाची आणि चिपची नव्हतीच. ती त्या अनोळखी माणसाच्या कानाची आणि आमच्या कानाची होती. हरलो ते आम्ही.

तिसरी परीक्षा ही अशी, की वाद्य आपल्याकडून काय मागते? तानपुरा दहा मिनिटे एकाग्र कान मागतो. मोबाइल काहीच मागत नाही, आणि तिथेच तो नापास.

हे इथे धार-देवासच्या लोकांना सांगायला लागू नये. धारला पवारांची गादी, देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती. त्या देवासात रजब अली खाँसाहेब राहिले. १९४८ च्या जानेवारीत क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व कोरडी हवा म्हणून देवासला आले. काही वर्षे त्यांना गाता येत नव्हते. अंथरुणावरून ते ऐकत राहिले, माळव्यातली गाणी, रस्त्यावरून जाणारे निर्गुणी भजनी. त्या ऐकण्यातून पुढचे सगळे उभे राहिले. टेकडीच्या पायथ्याच्या भानुकुलात १९९२ पर्यंत त्यांचे वास्तव्य होते. त्यांची मैफल ऐकलेले ज्येष्ठ आजही या सभागृहात आहेत. तानपुरे मनासारखे लागेपर्यंत गाणे सुरू व्हायचे नाही, आणि लोक ते लावणेही मैफलीसारखे ऐकत, असे आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

तेव्हा आमची विनंती अशी. मोबाइल राहू द्या. रात्री फ्लॅटमध्ये रियाज करणाऱ्या मुलीला, बदलीच्या गावी राहणाऱ्याला, दुखऱ्या बोटांच्या आजीला तो वरदानच आहे. पण हे दोन तानपुरे विकू नका आणि सजावटीलाही लावू नका. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे ही कारागिरी चालू आहे. पंढरपूर भागातल्या भोपळ्यांपासून तिथे तानपुरे बनतात आणि २०२४ साली मिरजेच्या तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे पाठवून घोडी बसवून घेऊ, तारा चढवू, जवारी काढून घेऊ. निम्मा खर्च आमच्याकडून. उरलेला मिशीतल्या मिशीत हसणाऱ्या मित्राकडून!

आणि एक अट. तानपुरे परत आले की दर रविवारी सकाळी दोन मुलांनी ते लावायचे. गाता येत नसले तरी चालेल. शेजारी मोबाइल ठेवावा, त्याच्याशी ताडून पाहावे. चुकले तर चुकू द्यावे. आम्हीही त्या मुलांबरोबर सतरंजीवर बसून शिकणार आहोत. पुढच्या वर्षी हाच प्रयोग पुन्हा करू. पडदा तोच, तीन आवाज तेच. त्या वेळी खऱ्या तानपुऱ्यासाठी हात वर झाले, तर ती त्या मुलांची जीत असेल.

गणपती बाप्पा मोरया!