अंगणातली भेग

मी जबलपूरजवळच्या पनागरचा. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, असं आमचं लहानपण गेलं.

22 मे 1997. पहाटे 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला. सगळे बाहेर धावलो. उजाडल्यावर अंगणात हात जाईल एवढी भेग दिसली. शेजारी म्हणाले, खाली ज्वालामुखी आहे, आता आग निघणार! आजीने देव आणि दागिने एका पिशवीत बांधले. आठ रात्री आम्ही कुणी घरात झोपलो नाही.

ती भेग भूकंपाची नव्हतीच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. दर उन्हाळ्यात ती अशीच फाटते. भूकंप झाला नर्मदेच्या खोऱ्यातल्या जुन्या भ्रंशावर, सुमारे 35 किलोमीटर खोल. तिथे खडक सरकले, लाव्हा वर आला नाही.

पण गंमत अशी, की या मातीचं मूळ खरोखर लाव्ह्यातच आहे! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना एका तप्त स्रोतावरून गेला. तो स्रोत आज हिंदी महासागरात, रियुनियन बेटाखाली आहे. कवचाला लांबच लांब भेगा पडल्या, पातळ लाव्हा वाहिला, थंड झाला, पुन्हा वाहिला. लाखो वर्षं थरावर थर चढले. सह्याद्री त्याच थरांचा, वेरूळची लेणीही त्याच दगडात. आजही तो खडक सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर हे डोळ्यांनी बघता येतं. माथ्यावर लाव्ह्याचा बेसाल्ट, त्याखाली लमेटाचे थर. 1828 मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपुरात डायनासोरची हाडं सापडली, ती याच थरांमधली.

लाव्ह्याबरोबर वायूही निघाले. गंधकाच्या वायूंनी हवा गार झाली, आम्लाचा पाऊस पडला. कार्बन डायऑक्साइडने पुढे उष्णता वाढवली. डायनासोर संपण्याचं मुख्य कारण म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ मेक्सिकोजवळ आदळलेल्या लघुग्रहाकडे बोट दाखवतात. लाव्ह्याचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

मग तोच बेसाल्ट झिजला, पाण्याबरोबर वाहिला आणि काळी माती झाला. ती ओल धरून ठेवते. म्हणून आमच्याकडे शेताला बांध घालून पावसाचं पाणी साठवतात, पावसाळा सरला की सोडून देतात आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. याला हवेली पद्धत म्हणतात.

आता मुद्द्याचं. त्या आठ दिवसांत आम्ही सगळे अंगणातली भेग बघत बसलो. मागच्या भिंतीला गेलेला तडा कुणी पाहिलाच नाही. जुलैच्या पावसात ती भिंत कोसळली, आजीच्या खाटेवर. आजी तेव्हा चुलीपाशी होती, म्हणून वाचली.

तेव्हा मंडळी, भूकंप झाला तर जमिनीतून आग निघेल म्हणून रात्र जागू नका. सकाळी आधी भिंती तपासा. भेटू पुढच्या भागात.