माल घरपोच, दाद कोठे?



वसंतातल्या संध्याकाळी आपण मंडळी वेळात वेळ काढून येथे येता, ती कोणाचे घरगुती रडगाणे ऐकण्यासाठी नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही आजच्या विषयाचा आरंभ मला आमच्या स्वयंपाकघरातील एका मिक्सरपासूनच करणे भाग आहे. कारण असा एखादा मिक्सर, एखादी साडी किंवा चपलांचा जोड आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येऊन गेला असेल.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही तो मिक्सर मोबाइलवरून मागवला. तीन दिवसांत पार्सल दारात आले. आणणाऱ्या मुलाने ते हाती देण्यापूर्वी ओटीपी विचारून घेतला. मुलगा जिना उतरून गेला, आम्ही खोके उघडले, तो मोठ्या भांड्याला तडा गेलेला! त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली. फोटो मागितले, ते पाठवले. माल परत न्यायला एक गृहस्थ आले; खोक्यावरचा क्रमांक आपल्या यादीतल्या क्रमांकाशी जुळत नाही असे सांगून ते रिकाम्या हाताने परत गेले. मग उत्तर आले : ‘आपली विनंती नामंजूर झाली आहे.’ का नामंजूर झाली, हे नाही. कोणी केली, हेही नाही. पुढे आठवडाभर मी लिहीत राहिलो आणि पलीकडून एक यंत्र तीच ठरावीक वाक्ये पाठवीत राहिले. तेवढ्यात माल परत करण्याची मुदत संपली.

आता, पूर्वीचे दुकानदार सारे साधुसंत होते असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पेठेतल्या भिंतींवर आपण सर्वांनीच वाचली आहे. परंतु त्या पाटीखाली एक माणूस बसलेला असे. त्याच्याशी हुज्जत घालता येई. दुकानात आणखी चार गिऱ्हाइके उभी असत आणि त्यांच्यादेखत त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागे. पटणारे असो वा न पटणारे, पण उत्तर द्यावे लागे. नव्या बाजारात माल सुखाने घरी येतो. नाहीसा झाला आहे तो हा उत्तर देणारा माणूस.

असे का झाले? या बाजारात बाजार चालवणारी कंपनी एक, विकणारा दुसरा आणि पोहोचवणारा बहुधा तिसरा. कंपनी म्हणते, विकणारी मी नव्हे. विकणारा म्हणतो, मी माल धड दिला होता. पोहोचवणारा म्हणतो, खोके बंद होते. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. पण तडा गेलेले भांडे मात्र चौथ्याच्या घरी राहते. आणि निवाडा करते कोण? तर कंपनीच. तिनेच विक्रीवर दलाली घेतलेली असते, परतीचे नियम तिनेच केलेले असतात आणि पैसेही तिच्याच हातून गेलेले असतात. ज्याचा व्यवहारात हितसंबंध आहे त्याला आपण गावच्या पंचायतीतसुद्धा पंच म्हणून बसू दिले नसते.

येथे विकणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. सोलापूरचा एखादा लहान व्यापारी चादरी पाठवतो आणि परत आलेल्या खोक्यात त्याला वापरलेली, डाग पडलेली चादर सापडते. लग्नात मिरवलेली साडी दुसऱ्या दिवशी ‘रंग आवडला नाही’ म्हणून परत करणारी गिऱ्हाइके आपल्यातही आहेत, हे कबूल करू या. त्या व्यापाऱ्यालाही नामंजुरीचे तेच निनावी वाक्य मिळते. तात्पर्य, हे भांडण केवळ गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे नाही. निर्णय देणाऱ्याने कारण सांगितले पाहिजे की नाही, असा हा प्रश्न आहे.

कायदा याबाबत मुका आहे काय? मुळीच नाही. १९३० सालचा मालविक्रीचा कायदा सांगतो की, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने तो स्वीकारला असे मानता येत नाही. तेव्हा बंद खोक्यावर दिलेला ओटीपी ही पार्सल पोहोचल्याची खूण आहे, माल पसंत पडल्याची नव्हे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत अमलात आला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही लागू झाले. त्यांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे लागते. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विकणारा नकार देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सात किंवा दहा दिवसांची परतीची मुदत हा कंपनीचा नियम. ती संपली म्हणून कायद्याची दाद संपत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्यास कायद्याने दोन वर्षांची मुदत दिली आहे. १९८६ च्या कायद्याखाली बहुधा कंपनीच्या किंवा व्यवहाराच्या गावी जावे लागे. आता आपण जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस फी नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

मग अडते कोठे? कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा करतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. ३०० रुपयांच्या वस्तूसाठी कोण पायऱ्या झिजवणार? आपण म्हणतो, ‘जाऊ द्या, ३०० रुपयेच गेले.’ पण एक लाख माणसे असे म्हणाली तर ३ कोटी रुपये होतात. आपल्या प्रत्येकाच्या कंटाळ्याची बेरीज दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर नफा म्हणून जमा होते!

माझ्या मिक्सरचे पुढे काय झाले, ते सांगतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तारीखवार हकीकत लिहिली. काही दिवसांनी पैसे परत आले. ‘नामंजूर’ का झाले होते, हे मात्र आजतागायत कळलेले नाही. आमच्या शेजारच्या काकूंची तक्रार अशीच होती. त्यांना १९१५ ठाऊक नव्हता, अधिकारी असतो हेही ठाऊक नव्हते. त्यांचे पैसे गेले. जो न्याय वाट माहीत असणाऱ्यालाच मिळतो, त्याला न्याय म्हणणे जड जाते.

म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. नकार देणाऱ्याने कारण लिहावे आणि त्याखाली माणसाचे नाव असावे. आणि कंपनीच्या नकारानंतर, जिचा व्यवहारात हितसंबंध नाही अशा त्रयस्थाकडे लहान रकमांचा निवाडा झटपट व्हावा. हे आपोआप होणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा या देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र असा सर्वंकष कायदा नव्हता. तो यायला १९८६ चा डिसेंबर उजाडावा लागला. मध्यंतरीची बारा वर्षे तक्रार करणाऱ्या माणसांनी भरून काढली होती.

तेव्हा पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि शेजारच्या काकूंना १९१५ हा आकडा आज घरी जाताच सांगा. ‘जाऊ द्या’ हे शब्द मात्र तोंडून जाऊ देऊ नका.