भिंतीपलीकडचा आवाज



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "घरात गोळी झाडली तर बाहेर कुणाला कळतं का?" मालिका बघून विचारलं होतं, सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न घरी गेल्यावरही सुटेना.

अमेरिकेत काही शहरांत खांबांवर, छपरांवर मायक्रोफोन बसवलेत. आवाज कुठल्या मायक्रोफोनला आधी पोचला, कुठल्याला नंतर, यावरून गोळी कुठं सुटली ते काढतात नि पोलिसांना कळवतात. शिकागोत हे २०२४ पर्यंत चालू होतं. पण ती यंत्रं उघड्यावरच्या गोळीसाठी. बंद घरातली गोळी त्यांच्या कानातून सहज निसटते. ऐकू येते ती शेजारणीला. ती म्हणते, फटाका असेल.

आपल्याकडं बंदूक नसते, पण पत्र्यापलीकडं रात्री काय चाललंय ते कळतंच की! सकाळी नळावर मात्र सगळ्या गप्प. मीही गप्प बसलेय, खोटं कशाला बोलू?

भीती एकच, आपल्यावर शेकलं तर? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ बघा. मार खाणारीनंच सांगावं असं नाही. कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर केस होत नाही.

हत्यार निघालं असेल तर दाराशी जाऊ नका, आधी ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१. एरवी दोघी-तिघी मिळून कडी वाजवा. वाटीभर साखर मागायला आलो म्हणा.