परवाना हाती, जागा कुठे?



न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या सभागृहात स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. निमंत्रणपत्रिका गेल्या आणि फोन सुरू झाले. ‘परिषद गांजावर आहे म्हणजे नक्की काय?’ ‘मुलांना आणायचं का?’ एका मावशींनी तर थेट जेवणाचीच चौकशी केली. त्यांच्यासाठी आणि सर्वांसाठीच सांगतो: दुपारी मसालेभात, मटकीची उसळ आणि जिलबी आहे, आणि आचाऱ्यानं त्यात नेहमीचंच सगळं घातलं आहे. नमुन्यादाखल काही मिळेल या आशेनं कुणी आलं असेल, तर त्यांनी आमची भाषणंच गोड मानून घ्यावीत.

स्वागताध्यक्षानं विषयाचा महिमा गावा अशी आपली रीत आहे. मनात आणलं असतं तर मला वेरूळपर्यंत जाता आलं असतं. वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत, अजिंठ्याच्या गिलाव्यात मात्र ते नाहीत, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. पण मी पडलो हिशेबनीस. त्यामुळे महिमा सोडून ताळेबंद मांडतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चहाला जायचं ते निर्धास्त जातील. विक्रीच्या पहिल्या वर्षात न्यू जर्सीला गांजा विकायला छान जमलं. पण ज्यांचं भलं व्हावं म्हणून हा कायदा केला असं आपण म्हणतो, त्यांना त्या वर्षात दुकान थाटणं फारसं जमलं नाही.

थोडी उजळणी करतो. वैद्यकीय वापराचा कायदा या राज्यात जानेवारी २०१० मध्ये झाला आणि पहिला दवाखाना-कम-दुकान माँटक्लेअरला उघडायला डिसेंबर २०१२ उजाडला. सर्व प्रौढांसाठी परवानगी द्यावी का, हा प्रश्न ३ नोव्हेंबर २०२० ला मतपत्रिकेवर होता, आणि ६७ टक्के मतदारांनी ‘हो’ म्हटलं. गव्हर्नर फिल मर्फी यांनी २२ फेब्रुवारी २०२१ ला कायद्यावर सही केली. पुढचं वर्षभर कॅनॅबिस रेग्युलेटरी कमिशननं नियम लिहिले, बैठका घेतल्या, आणि रुग्णांना माल कमी पडता कामा नये म्हणून मुहूर्त पुढे ढकलला. अखेर २१ एप्रिल २०२२ ठरला. २० एप्रिल हा गांजावाल्यांचा जागतिक सण असल्यानं तो दिवस मुद्दाम टाळला. गर्दी आवरेना झाली असती. आपल्याकडे अमावास्या टाळतात, इथे चार-वीस टाळली.

त्या दिवशी एलिझाबेथ, ब्लूमफील्ड, पॅटरसन, मेपलवूड अशा ठिकाणी मिळून डझनभर दुकानं उघडली. बारा हजारांवर गिऱ्हाइकं आली आणि जवळपास १९ लाख डॉलरचा माल गेला. पहिल्या दहा आठवड्यांची विक्री सुमारे आठ कोटी डॉलर झाली. दंगा नाही, धिंगाणा नाही. ज्यांनी अशा दुकानात पाऊल टाकलेलं नाही त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी धुरकट, अंधारं येतं. प्रत्यक्षात ते चष्म्याच्या दुकानाइतकं चकचकीत असतं. दारातच ओळखपत्र पाहतात. एकवीस पूर्ण नसतील तर वडिलांबरोबरही आत घेत नाहीत. रुग्णांची रांग वेगळी, आणि त्यांच्यासाठी माल राखून ठेवावा लागतो. एका वेळी एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास, यापेक्षा जास्त मिळत नाही. पाकीट लहान मुलाला उघडता येऊ नये असं; खरं तर ते माझ्यासारख्यालाही चटकन उघडत नाही. गोळ्या, गमी, अर्क मिळतात. केक-बिस्किटं मात्र तेव्हाच्या नियमात बसत नव्हती. आणि साडेतीन ग्रॅमला तेव्हा पन्नास-साठ डॉलर मोजावे लागत, त्यामुळे कोपऱ्यावरच्या जुन्या विक्रेत्याचा धंदा बसला नाही, हेही खरं.

या कायद्यानं केलेलं सगळ्यात मोठं काम मात्र दुकानात दिसत नाही. ते कोर्टाच्या दप्तरात झालं. गांजाची तीन लाख साठ हजारांवर प्रकरणं राज्याच्या न्यायव्यवस्थेनं पुसून टाकली. त्या माणसांनी अर्ज करायचीही गरज नव्हती. या राज्यात गोऱ्या माणसाच्या तुलनेत काळा माणूस गांजासाठी पकडला जाण्याची शक्यता तिपटीहून अधिक होती, वापर दोघांचा साधारण सारखाच असताना. विक्रीकराच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा अशा धरपकडीची झळ पोहोचलेल्या वस्त्यांसाठी ठरवला आहे. परवान्यांमध्येही किमान ३० टक्के वाटा अल्पसंख्याक, महिला आणि अपंग माजी सैनिकांसाठी आहे. कागदावर याहून चांगला कायदा क्वचितच पाहायला मिळेल.

पण कागदावरून रस्त्यावर यायचं तर नगरपालिका लागते. २०२१ मध्ये राज्यात ५६५ नगरपालिका होत्या. ऑगस्ट २०२१ पर्यंत त्यांनी ठरवायचं होतं की आपल्या हद्दीत हा धंदा हवा की नको. जवळजवळ चारशेंनी ‘नको’ म्हणून ठराव केले. राज्यभर ६७ टक्के होकार, आणि गावोगावी ७० टक्के नकार! वरात सगळ्यांना बघायची आहे, मांडव मात्र शेजारच्याच्या अंगणात पडावा. यात आपली मराठी, गुजराती, तेलुगू मंडळी मागे नाहीत, हे मी नगरपालिकेच्या बैठकांना बसून पाहिलं आहे. ‘आम्ही विरोधात नाही, पण शाळा जवळ आहे’ हे वाक्य तिथे दर दहा मिनिटांनी येतं, आणि न्यू जर्सीत शाळा कशाच्याच लांब नाही.

आता परवाना मिळालेल्या नव्या माणसाचा विचार करा. कमिशननं मार्च २०२२ मध्ये पहिले ६८ सशर्त परवाने दिले, ते लागवड आणि उत्पादनाचे. दुकानांचे त्यानंतर आले. सशर्त म्हणजे काय, तर तुमची पात्रता मान्य; आता जागा शोधा, नगरपालिकेची संमती आणा, भांडवल दाखवा. त्यासाठी मूळ मुदत १२० दिवस, वर ४५ दिवसांची सवलत. नियम करणाऱ्यांच्याही लक्षात आलं की इतक्यात जागाच मिळत नाही, आणि मुदत वाढवावी लागली.

माझ्याकडे एका बाईंचं खातं आहे. त्यांनी बंद पडलेल्या लॉन्ड्रीची जागा भाड्यानं घेतली, कारण अर्जात पत्ता लागतो. नगरपालिकेच्या नियोजन मंडळाची तारीख पुढे गेली, मग पुन्हा गेली. खातेवहीत महिन्यामागून महिना एकच नोंद: भाडं, भाडं, भाडं. जमेची बाजू पांढरी फटक. बँक कर्ज देत नाही. गुंतवणूकदार येतात, पण ते निम्म्याहून जास्त मालकी मागतात, आणि तेवढी दिली की ज्या सवलतीमुळे परवाना मिळाला तीच हातची जाते. अशा माणसाला आपण ‘लाभार्थी’ म्हणतो.

याच काळात वैद्यकीय परवाना आधीपासून असलेल्या सात कंपन्यांनी सगळा बाजार उचलला. मी त्यांना नावं ठेवत नाही. माल त्यांच्याकडे होता, शेड त्यांच्याकडे होत्या, वर्षानुवर्षं तोटा त्यांनी सोसला होता. हडसनपलीकडे न्यूयॉर्कनं उलटा रस्ता धरला: गांजासाठी शिक्षा भोगलेल्यांना पहिले परवाने. २९ डिसेंबर २०२२ ला मॅनहॅटनमध्ये त्या राज्याचं पहिलं दुकान उघडलं, पण नंतरची दुकानं इतकी सावकाश आली की दर चौकात बिनपरवाना विक्रेते मांडी ठोकून बसले. न्यू जर्सीनं आधी बाजार उभा केला आणि न्याय मागाहून येईल म्हणून सांगितलं. माझ्या मते आपला रस्ता व्यवहाराला धरून होता. पण ‘मागाहून’ म्हणजे कधी, हे विचारायची वेळ आता आली आहे.

हिशेबनीस बोलतोय म्हटल्यावर कराचं आलंच. केंद्राच्या लेखी गांजा २०२३ मध्येही हेरॉइनच्याच यादीत होता. १९८१ मध्ये मिनिआपोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्यानं कर न्यायालयात धंद्याचे खर्च मागितले: फोन, गाडी, घरभाड्याचा काही हिस्सा, अगदी तराजूसुद्धा. न्यायालयानं बरेच दिले! काँग्रेस इतकी चिडली की पुढच्याच वर्षी २८०-ई हे कलम आलं. त्यानुसार अशा धंद्याला मालाच्या किमतीखेरीज कुठलाही खर्च वजा मिळत नाही. समजा, शंभर डॉलरची विक्री झाली. माल साठचा. उरले चाळीस. भाडं, पगार, सुरक्षारक्षक, वीज मिळून तीस गेले. खरा नफा दहा. दुसऱ्या कुठल्याही कंपनीला २१ टक्क्यांनी दोन डॉलर दहा सेंट कर बसला असता. गांजाच्या दुकानाला तो चाळीसवर बसतो: आठ डॉलर चाळीस सेंट. हातात राहतात एक डॉलर साठ सेंट, आणि अजून राज्याचा कर भरायचा आहे. त्यातल्या त्यात बरं, की मे २०२३ मध्ये मर्फी साहेबांनी राज्याच्या करापुरतं हे कलम बाजूला सारलं. केंद्राचं तेव्हा जैसे थे राहिलं. तेव्हा वर्तमानपत्रात कोटींचे आकडे वाचून ‘आपणही उतरावं का’ असा विचार करणाऱ्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावं. मी नाउमेद करीन, पण फी घेणार नाही.

बँकांची गोष्ट थोडक्यात. बहुतेक मोठ्या बँका खातं उघडत नाहीत, क्रेडिट कार्ड चालत नाही, दुकानात एटीएम ठेवलेलं असतं. नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज या धंद्यात सतत कानावर पडतो. बँकांना अभय देणारं विधेयक प्रतिनिधीगृहानं अनेकदा मंजूर केलं आणि सिनेटमध्ये ते दर वेळी अडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी गांजाची वर्गवारी तपासायला सांगितलं. 

आता जे बोलणार आहे ते खास आपल्या सभागृहासाठी आहे, तेव्हा मागच्या रांगेतल्या मंडळींनीही ऐकावं. आपल्यापैकी पुष्कळजण एच-वन-बीवर आहेत, पुष्कळजण ग्रीन कार्डवर. राज्याचा कायदा तुम्हाला दुकानात शिरू देतो; इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा आहे, आणि त्याच्या लेखी गांजा हा गुन्हा आहे. नागरिकत्व खात्यानं १९ एप्रिल २०१९ ला स्पष्ट लिहून ठेवलं आहे की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजा-व्यवसायात नुसती नोकरी केली, तरी नागरिकत्वाच्या अर्जातली ‘सद्वर्तनाची’ अट मोडू शकते. वापर करणं तर दूरच राहिलं. एखाद्या मुलानं कॉलेजच्या सुट्टीत दुकानात कॅशियरचं काम धरलं, एखाद्या वहिनींनी प्रयोगशाळेत केमिस्टची नोकरी घेतली, तर पगाराची पावती पुढे त्यांच्याच विरुद्ध पुरावा होऊ शकते. नागरिक असाल तर प्रश्न वेगळा. नसाल तर आधी वकील, मग अर्ज. दुपारच्या सत्रात इमिग्रेशनच्या वकील बाई येणार आहेत; त्यांना प्रश्न विचारताना ‘माझ्या एका मित्राचं’ असं म्हणायची मुभा आहे.

आणि नूअर्कहून मुंबईला निघताना बॅग एकदा तपासा. विमानतळ केंद्राच्या कायद्याखाली येतो, आणि पलीकडे भारताचा अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा, १९८५ उभा आहे. भारतात भांगेच्या नुसत्या पानांना त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलं आहे, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. त्यावरून इथली गमी तिथे चालेल असा अर्थ काढू नका. गुडघेदुखीवर आराम पडतो म्हणून काकांसाठी नेलेली डबी चकलीच्या डब्याशेजारी सापडली, तर कस्टम्सच्या साहेबाला गुडघ्याची गोष्ट ऐकवून भागणार नाही.

एक तक्रार मात्र मी व्यासपीठावरून नोंदवणार आहे. या राज्यात घरी गांजाचं एक रोप लावणं आजही गुन्हा आहे, कर्करोगाच्या रुग्णानंही. विकत घेण्याइतका गांजा कायदेशीर, कुंडीत लावण्याइतका नाही. कायदा करणाऱ्यांनी याची दिलेली कारणं मी वाचली आहेत; एकही पटलेलं नाही.

आजची आखणी सांगतो. सकाळी कर आणि बँका, दुपारी इमिग्रेशन. त्यानंतर जागामालकांचं सत्र आहे, आणि ते आम्ही मुद्दाम ठेवलं आहे. ओक ट्री रोडपासून रूट २७ पर्यंत दुकानांच्या रांगा आपल्या लोकांच्या मालकीच्या आहेत. सशर्त परवाना असलेले काही अर्जदार आज पाहुणे म्हणून आले आहेत. मराठी त्यांना समजत नाही, पण जिलबी समजते. जेवणाच्या टेबलांवर एकेका जागामालकाशेजारी एकेका अर्जदाराचं नाव ठेवलं आहे. गहाणखतात अशा भाडेकरूला मनाई आहे का, ते आधी बघा, आणि नसेल तर निदान भाडं नगरपालिकेच्या मंजुरीनंतर सुरू होईल असा करार करता येतो का, एवढंच बोलून पाहा. कुणी नावांच्या चिठ्ठ्या बदलू नयेत, तिथे स्वयंसेवक लक्ष ठेवून आहेत.

व्यवस्थेत उणं राहिलं असेल ते समितीच्या पदरात घाला. आता उद्घाटक महोदयांना विनंती करतो, त्यांनी दीपप्रज्वलनासाठी यावं. सभागृहाच्या नियमामुळे समई विजेवर चालणारी आहे. बटण डावीकडे आहे.