रुग्णाची शुचिता व लज्जा

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) या ग्रंथात शरीरशुचितेस स्वतंत्र प्रकरण दिले. अंग पुसताना एकाच वेळी फार मोठा भाग उघडा करू नये, असे त्यांनी बजावले. त्यांना चिंता होती घाम अडण्याची. आज तोच नियम रुग्णाच्या लज्जारक्षणासाठी पाळला जातो.

गुप्तांगांच्या स्वच्छतेपूर्वी परिचारिका अनुमती घेते, पडदा ओढते, हातमोजे घालते. स्त्रीरुग्णास कोमट पाण्याने, मऊ कापडाने पुढून मागेच पुसावे लागते. अन्यथा शौचाचे जंतू मूत्रमार्गात शिरतात. नंतर जांघा कोरड्या करून ती त्वचेची लाली न्याहाळते.

घरी मात्र हे काम सुनेवर वा आयाबाईंवर सोपवून कर्ते पुत्र दाराबाहेर थांबतात. अंथरूण ओले झाल्याचे सुनेस सांगण्यास वृद्ध पिता संकोचतो. तसाच मुकाट पडून राहतो, आणि कातडी सोलत जाते.